वाडीचे पेढे आणि करंज्यांचं ताट

तीस वर्षं पाळक म्हणून काम केलं. बाहेरच्यांना वाटतं, या माणसाला लोक स्वर्गाबद्दल, मरणाबद्दल विचारत असतील. विचारतात, नाही असं नाही, पण वर्षाकाठी एखाद्या वेळी. कोल्हापुरात असताना मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न वेगळाच होता : "पाळकसाहेब, शेजारणीनं वाडीचा पेढा दिलाय. खायचा काय?"

वाडी म्हणजे नृसिंहवाडी, दत्ताचं ठिकाण. तिथे जाऊन आलेला माणूस पेढ्यांचा पुडा आणल्याशिवाय राहत नाही आणि तो गल्लीभर वाटल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ख्रिस्ती घर त्याच गल्लीत असतं. त्यामुळे हा प्रश्न यायचाच. या साध्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा असं काही दिलं की अजून आठवलं तरी कान गरम होतात. नाताळ अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हटल्यावर मला बाकी काही सुचलंच नाही, हेच सुचलं.

आधी थोडं धंद्याविषयी. पाळकाचं काम रविवारी तासभर, असा एक गोड समज आहे. आमची बायको म्हणायची, तो तासभरच काय ते तुम्ही घरच्यांना सापडता. बाप्तिस्मे, लग्नं, मयती, दाखले, भांडणं, आजारी माणसं, आणि या सगळ्यावर गृहभेटी. गृहभेट म्हणजे मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांच्या, घरी जाऊन बसायचं, चहा प्यायचा, प्रार्थना करायची आणि उठताना दारात जे सांगितलं जातं ते ऐकायचं. खरं दुखणं नेहमी चपला घालताना बाहेर पडतं. ते ऐकायला शिकलो तेव्हा मी पाळक झालो. दीक्षा मिळाली होती त्याच्या बरीच आधी.

दारातले हे प्रश्न मोठे गमतीचे असत. एकदा एक तरणाबांड पैलवान आला. घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती आणि पोरगा तालमीत. तो म्हणाला, "साहेब, आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावत्यात. लावू का नको? न्हाय लावली तर वस्ताद हाणतोय, लावली तर आई बोलत्या."

मी विचारलं, "माती कुणी केली?"

"देवानं."

"मग लाव की."

तो गेला, पण दारातून परत फिरला. "आणि साहेब, मी जिंकावं म्हणून प्रार्थना?" मी म्हणालो, प्रार्थना करीन, पण दोघांची हाडं शाबूत राहावीत म्हणून. त्याचं तोंड जरा उतरलं. पुढे तो हरला आणि हाडं शाबूत राहिली. त्याच्या आईनं मला कधी पूर्ण माफ केलं नाही.

दुसरा एक टर्नर होता, उद्यमनगरातल्या कारखान्यात. खंडेनवमीला मालक सगळ्या मशिनींची पूजा करायचा. याला कळेना, तिथे उभं राहून काय करायचं. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की आदल्या दिवशी त्यानं आपण होऊन सगळी मशिनं पुसायची, तेल घालायचं, खालचा लोखंडाचा कीस झाडून काढायचा, आणि पूजेच्या वेळी मागे आदरानं उभं राहायचं. हे त्यानं इतकं मनापासून केलं की मालक दरवर्षी म्हणायचा, "ह्यो पूजा करत न्हाय, पर मशिनीस्नी देवावानी ठेवतोय."

असे निकाल देताना मला मजा यायची. पण हे शहाणपण माझ्याजवळ मुळात नव्हतं. ते कुठून आलं, तेच आता सांगायचं आहे.

मी मूळचा नगरकडचा. कोल्हापूरच्या मंडळीत आलो तो ब्याण्णव साली, वयानं पस्तिशीच्या आत आणि मतांनी अगदी ठाम. माझ्या मंडळीत मारुती नावाचा एक माणूस होता, उचगावात राहणारा, फौंड्रीत काम करणारा. चौऱ्याण्णवच्या ईस्टरला मीच त्याला बाप्तिस्मा दिला होता. त्याची बायको बरीच वर्षं आजारी होती. कुणा एका माणसानं त्याला सांगून ठेवलं होतं की अमुक ठिकाणचा प्रसाद रोज तिच्या तोंडात पडला पाहिजे, एक दिवस चुकला तर ती जाईल. हा रोज सायकल हाणत जायचा. एका पावसात रस्ता बंद झाला, एक दिवस चुकला, आणि त्याच आठवड्यात बायको गेली. ती आजारानं गेली हे सगळ्यांना कळत होतं, त्यालाही. पण प्रसाद हातावर पडला की त्याचा हात थरथरायचा.

"साहेब," तो एकदा मला म्हणाला, "मीच तिला मारली असं वाटतंय बघा. लोक पेढा देत्यात, न्हाय म्हणायला जमत न्हाय, आणि खाल्ला की रातभर डोळं उघडं."

मला त्याची दया आली. दया आली ती चांगलीच गोष्ट, पण दयेच्या भरात मी रविवारी व्यासपीठावरून भाषण ठोकलं. मारुतीचं नाव न घेता सगळ्या मंडळीला बजावलं की ख्रिस्ती माणसानं प्रसाद घेऊ नये, कुणाचाही, कुठलाही, कधीही. आवाजही चढवला होता. पहिल्या बाकावर मारुती बसला होता. त्याचा चेहरा मोकळा झालेला मला दिसला आणि मी स्वतःवर खूश झालो.

चौथ्या बाकावर सिस्टरबाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे मी पाहिलंच नाही.

सिस्टरबाई म्हणजे सुलोचनाबाई, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. लग्न केलं नव्हतं, भाऊबहीण जवळ कुणी नव्हतं. राजारामपुरीतल्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहायच्या. शेजारी आक्काताईंचं घर, मधे एकच भिंत. आक्काताईंचा मुलगा सिस्टरबाईंच्या हातावर जन्मला होता. दोन घरांत तीस वर्षांचा शेजार, आणि त्या शेजारात एक स्टीलचं ताट होतं. दिवाळीला ते आक्काताईंकडून फराळ भरून यायचं, नाताळला सिस्टरबाईंकडून करंज्या-शंकरपाळ्या भरून जायचं, आणि मधल्या दिवसांत कधी धपाटे, कधी आंबे, कधी नुसती कोथिंबीर. रिकामं म्हणून कधी परत जायचं नाही. ताट मुळात कुणाचं होतं हे दोघींनाही आठवत नव्हतं.

त्या वर्षी आक्काताईंच्या सुनेला, लग्नानंतर नऊ वर्षांनी, मुलगा झाला. सिस्टरबाई निवृत्त असूनही बाळंतपणाला आत होत्या. बाळ पहिल्यांदा घेतलं ते त्यांनीच. आक्काताईंनी वाडीला नवस बोलला होता. तो फेडायला त्या डिसेंबरात दत्तजयंतीला गेल्या आणि पेढे घेऊन आल्या. घरात पाऊल ठेवायच्या आधी पुडा घेऊन शेजारच्या दारात उभ्या राहिल्या.

आणि सिस्टरबाई म्हणाल्या, "आक्का, आमच्या पाळकांनी सांगितलंय. आमाला चालत न्हाय."

तीस वर्षं चाललं होतं. त्या दिवशी चाललं नाही, कारण मी आवाज चढवून बोललो होतो आणि सिस्टरबाई सांगितलेलं ऐकणाऱ्या होत्या. सगळी नोकरी त्यांनी डॉक्टरांची सूचना तंतोतंत पाळण्यात घालवली होती.

हे मला कळलं ते नाताळ उलटून गेल्यावर. पाळकानं गृहभेटीला एकट्यानं जायचं नाही, मंडळीतलं कुणीतरी सोबत घ्यायचं, अशी आमच्याकडे पद्धत. त्या दिवशी मारुतीला सुट्टी होती म्हणून त्याला घेतलं. सिस्टरबाईंच्या घरी बसलो. टेबलावर विणलेल्या रुमालाखाली ताट झाकलेलं होतं. मी सहज रुमाल उचलला. करंज्या, शंकरपाळ्या, केकचे तुकडे, सगळं रचून ठेवलेलं आणि केक कडेनं वाळलेला.

"हे कुणाचं राहिलं?" मी विचारलं.

"शेजारी पाठवलं होतं. परत आलं." सिस्टरबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "ती म्हणाली, आमालाबी चालत न्हाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पेढ्यांचं आलं, त्याच्यानंतर बारशाचंही आलं. बाळाला सख्खी आत्या नव्हती. कानात नाव सांगायचा मान सिस्टरबाईंना द्यायचा असं आक्काताईंनी बाळ पोटात असतानाच ठरवलेलं. दत्तजयंतीनंतर चार दिवसांनी बारसं झालं. बोलावणं आलं नाही. सिस्टरबाई भिंतीच्या या बाजूला बसून पाळणा ऐकत होत्या.

"काय नाव ठेवलं?" मी विचारलं.

"भिंतीतनं नीट ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या, आणि ताटावर रुमाल परत घातला.

मी म्हणालो, अहो पण माझं बोलणं तुमच्यासाठी नव्हतं. ते एका माणसाच्या त्रासापायी होतं. बोलता बोलता माझी नजर मारुतीकडे गेली, त्याची खाली गेली, आणि सिस्टरबाईंना सगळं समजलं. नर्सच त्या. म्हणाल्या, "साहेब, एका पेशंटची गोळी तुमी सगळ्या वॉर्डाला वाटलीसा."

इतक्या वर्षांत माझ्या उपदेशांवर बऱ्यावाईट पुष्कळ प्रतिक्रिया आल्या. याच्याइतकी नेमकी एकही नाही. बायबलात मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नावर अख्खा अध्याय आहे. मी तो परीक्षेसाठी पाठ केला होता. खाणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही, पण ज्याचं मन कच्चं आहे त्याला सांभाळा, असा त्याचा सगळा रोख. त्यातलं अर्धं मी मारुतीसाठी घेतलं आणि उरलेलं अर्धं सिस्टरबाईंना लागत होतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मी म्हणालो, चला, आक्काताईंकडे जाऊ.

"तुमीच जावा," सिस्टरबाई म्हणाल्या. "मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुमी."

मी ताट उचललं आणि शेजारच्या दारात उभा राहिलो. मागे मारुती. आक्काताई ठेंगण्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"कोण पावणं?"

"मी चर्चचा पाळक."

"म्हंजे तुमीच व्हय त्ये!" त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "बसा. उभ्यानं बोलणी खाऊ नये मानसानं."

आम्ही बसलो. त्या उभ्याच राहिल्या. "माझ्या नातवाला आदुगर कुनी हातात घेतला? मी न्हाय, तिनं. ह्या घरातलं पयलं त्वांड ग्वाड कुनाचं व्हायाचं? तिचं. आणि ती म्हनत्या पाळकांनी सांगितलंय. तुमी कोन वो आमच्यात सांगनारं? तुमी काल आलासा. आमी तीस वर्सं एका भितीला पाठ लावून ऱ्हायलोय."

मी म्हणालो, "आक्काताई, चूक सिस्टरबाईंची नाही. माझी आहे. मी नको ते, नको तिथं बोललो. माफी मागायला आलोय."

त्यांना बहुधा भांडणाची अपेक्षा होती. जरा गडबडल्या. मग आत गेल्या आणि फडताळातून एक पुडा घेऊन आल्या. वाडीचा. दोऱ्यासकट.

"हा तिचा वाटा. बाजूला काढून ठेवलोय. घरात कुनाला हात लावू दिला न्हाय." (कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल बोलताना 'ठेवलोय, जातो, येतो' असंच म्हणतात. पहिल्या वर्षी मला ते खटकायचं, आता कुणी 'जाते' म्हणालं तर खटकतं.) त्यांनी पुडा सोडला. पेढे वाळून कडक झालेले. त्यातला एक त्यांनी माझ्यापुढे धरला. "माफी मागतासा न्हवं? मग खावा."

आणि इथे माझी खरी परीक्षा झाली. पेढा खाल्ला नाही तर माफी खोटी, आणि भिंतीपलीकडे बसलेल्या बाईचं जे मोडलं ते कायमचं मोडलं. खाल्ला तर शेजारी मारुती बसलेला. महिन्याभरापूर्वी त्याच्यासाठीच मी छाती ठोकून बोललो होतो. त्याच्या डोळ्यांदेखत मीच खाल्ला तर त्यानं कशाला धरून राहायचं? अध्याय मला पाठ होता, पण ही दोन्ही माणसं एकाच खोलीत, एकाच पेढ्यासमोर येतील असं त्यात लिहिलेलं नव्हतं. माझा हात अर्ध्यात थांबला. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो.

मारुतीच उठला. "साहेब, तुमी खावा. मी भाईर थांबतो." आणि तो पायरीवर जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून.

आक्काताईंनी विचारलं, "ह्यास्नी काय झालं?"

मी खरं ते सांगितलं. बायकोचं आजारपण, रोजची सायकल, चुकलेला एक दिवस, थरथरणारा हात. आवाज खाली ठेवून सांगितलं. सांगून झाल्यावर आक्काताईंनी माझ्या पुढ्यातला पेढा काढून घेतला, पुड्यात ठेवला आणि आत गेल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

त्या बाहेर आल्या त्या एका वाटीत गूळ आणि भाजलेल्या शेंगा घेऊन. सरळ पायरीवर गेल्या, गुडघ्यावर हात ठेवून मारुतीशेजारी बसल्या.

"खा बाबा. ह्यो देवाम्होरं ठेवल्याला न्हाय. कालच बाजारातनं आनलाय. नातू झाला म्हनून त्वांड ग्वाड करायचं, एवढंच. खानार न्हवं?"

मारुतीनं वाटी घेतली. मी त्याच्या हातांकडेच बघत होतो. ते थरथरले नाहीत. त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला, शेंगा सोलू लागला आणि रडू लागला, आणि आक्काताई त्याच्या पाठीवर थापट्या मारत म्हणत राहिल्या, "खा, खा. तुझ्या हातनं काय बी झाल्यालं न्हाय. खा."

मग आत येऊन त्यांनी मला पेढा दिला. मी खाल्ला. इतका कडक पेढा मी जन्मात खाल्ला नाही आणि इतका गोडही नाही.

"एवढं सोप्पं हुतं की वो," त्या म्हणाल्या. "मला इचारायचं हुतासा."

खरंच विचारायला हवं होतं. मी पुस्तकं घेऊन बसलो आणि शेजारी राहणाऱ्या बाईला ते उपजत येत होतं, हे पचायला मला त्या पेढ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

त्यांनी माझ्या ताटातल्या करंज्या डब्यात काढून घेतल्या, ताट पुसलं, त्यात उरलेले पेढे मांडले आणि सुनेला हाक मारली. सून बाळाला घेऊन आली. मी म्हणालो, द्या ताट, मी पोचवतो.

"तुमी कशाला? मीच जातो."

बाळ छातीशी, ताट दुसऱ्या हातात, अशा त्या शेजारच्या दारात गेल्या. आम्ही मागे. सिस्टरबाई दारातच उभ्या होत्या. पातळ भिंतीतून सगळं ऐकलेलं असणार. आक्काताई त्यांना म्हणाल्या, "सुले, ह्याच्या कानात नाव सांग."

"सांगितलं की बारशाला, तुझ्या सुनेच्या चुलत नणंदेनं."

"तवा बोंबलत हुतं त्ये. काय ऐकलं न्हाय त्यानं. आता तू परत सांग."

सिस्टरबाईंनी बाळाला घेतलं. मान कशी धरायची हे त्यांच्या हातांना सांगावं लागत नव्हतं. त्या आक्काताईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "पण काय सांगू? मला माहीत नाही." तेव्हा आक्काताईंनी आधी सिस्टरबाईंच्या कानात नाव सांगितलं, आणि सिस्टरबाईंनी बाळाच्या. मग दोघी तिथेच उंबऱ्यावर बसून पेढे खाऊ लागल्या आणि आम्ही दोघं पुरुष तिथे उभे आहोत हे विसरल्या.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी मी त्याच व्यासपीठावरून सांगितलं की मागे मी चुकलो. पाळकानं असं म्हणणं आमच्यात फारसं रूढ नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातले दोघेजण महिनाभर सलाम घेईनात. मारुती उपासनेनंतर दाराशी थांबला आणि म्हणाला, "साहेब, मी अजून खानार न्हाय." मी म्हणालो, नको खाऊस, तुला कुणी विचारणारही नाही. त्यानं आजतागायत खाल्लेला नाही. कुणी विचारलंही नाही. आक्काताईंच्या घरून मात्र त्यानंतर चर्चच्या कुणाकडेही ताट गेलं की त्यात दोन वाट्या असत, एक पेढ्यांची, एक गूळ-शेंगांची. कुणी काय खायचं हे ज्याचं त्यानं बघायचं.

एक रुखरुख राहिली आहे. बारशाचा तो दिवस काही परत आला नाही. नाव पुन्हा सांगता आलं, पण पाळण्यापाशी जमलेल्या बायकांत मानानं उभं राहायचं सिस्टरबाईंच्या वाट्याला आलं नाही. ते माझ्यामुळे. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो.

दोन हजार सातला माझी बदली झाली. सामान टेंपोत चढलेलं, स्वयंपाकघर मोकळं, आणि दोघी ताट घेऊन हजर. दोन्ही वाट्या भरलेल्या. आमची बायको ओशाळली, परत देताना ताटात घालायला घरात चिमूटभर साखरसुद्धा नव्हती. आक्काताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. म्हंजे भरून द्यायला यावं लागतंय."

ते राहिलं ते राहिलंच. आज जातो, उद्या जातो करत वर्षं गेली. सिस्टरबाई मधेच गेल्या. मी पोचलो तो मातीनंतर, हात हलवत. त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत आक्काताईंचा नातू होता, असं मारुतीनं सांगितलं. आक्काताई आता ऐंशीच्या पुढे आहेत.

या नाताळला मात्र जाणार. ताट घासून ठेवलं आहे. एका वाटीत करंज्या, त्यांच्या घरातल्या माणसांसाठी. आक्काताईंना साखरेचा आजार झालाय, असं मारुतीनं फोनवर सांगितलं, म्हणून दुसऱ्या वाटीत नुसते भाजलेले शेंगदाणे, गुळाशिवाय.